नाताळला पाहुण्यांना गरम मसालेदार पेय द्यायचंय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डिसेंबर लागला की हेच प्रश्न फिरून फिरून येतात. कधी होमस्टे चालवणाऱ्यांकडून, कधी पहिल्यांदाच नाताळला घरी माणसं बोलावणाऱ्यांकडून, तर कधी चार दिवसांसाठी मुंबईहून येऊन गावचं घर उघडणाऱ्यांकडून. सगळी उत्तरं एका जागी असावीत म्हणून हे पान. प्रमाणं दहा-बारा माणसांची धरली आहेत. वसईपासून वेंगुर्ल्यापर्यंत हाताशी मिळेल तेवढंच सामान वापरलं आहे.

कोकणात थंडी ती केवढी! मग गरम पेय कशाला?

खरं आहे. किनाऱ्यावर डिसेंबरातही दुपारी पारा तिशी गाठतो आणि पहाटे विसाच्या आसपास उतरतो. युरोपात हात गोठतात म्हणून माणसं गरम पेला धरतात, इथे तसं काही होत नाही. पण चर्चमधली मध्यरात्रीची मिस्सा (प्रार्थना) सुटल्यावर येशूजन्माच्या देखाव्याचे गोठे बघत, एकेका घरात डोकावत लोक येतात, तेव्हा दव पडलेलं असतं आणि अंगावरचे नवे कपडे पातळ असतात. त्या वेळी गरम काहीतरी बरं वाटतं.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. थंड सरबत पाहुणा एका दमात संपवतो, ग्लास ट्रेवर ठेवतो आणि “येतो हां” म्हणत चप्पल शोधायला लागतो. गरम पेय मात्र फुंकर घालत, घोट घोट घ्यावं लागतं. तेवढ्यात बोलणं निघतं आणि माणूस खुर्चीला टेकतो. नाताळात माणसं येतात खूप, टिकतात कमी. त्यांना दहा मिनिटं बसवायचं असेल तर याच्याइतकं सोपं साधन नाही.

फक्त एक लक्षात ठेवा. शून्य अंशातल्या देशांच्या कृती इथे जशाच्या तशा उतरवू नका. त्या गोड, दाट आणि मसाल्याने ठासलेल्या असतात. आपल्या हवेत दुसऱ्याच घोटाला घाम फुटतो. इथलं पेय पातळ, आंबटसर आणि कमी गोड हवं, आणि कपही लहान हवा.

नेमकं काय करू? एकच सांगा.

सोलांचं, म्हणजे आमसुलांचं, गरम पेय करा.

दीड लिटर पाण्यात बोटभर लांबीचे दालचिनीचे दोन तुकडे, पाच लवंगा, आठ-दहा मिरी, चार वेलच्या आणि अंगठ्याएवढं ठेचलेलं आलं घाला. मिरी आणि वेलची जरा ठेचून घ्या, पूड करू नका. झाकण ठेवून मंद आचेवर दहा-बारा मिनिटं उकळा आणि गॅस बंद करा. आता त्यात पंधरा ते अठरा आमसुलं धुऊन टाका, पुन्हा झाकण ठेवा आणि पंधरा-वीस मिनिटं तसंच राहू द्या. गाळून घ्या. १०० ते १२५ ग्रॅम गूळ विरघळवा. आधी चव घ्या, मगच चिमूटभर मीठ घाला, कारण काही सोलं मिठात मुरवलेली असतात आणि त्यांच्यात वरून मीठ लागत नाही. द्यायच्या वेळी पुन्हा गरम करा, पण उकळू नका. संत्र्याच्या सालीचा एक पट्टा वरून टाका, पांढरा भाग खरवडून.

आमसुलं आचेवर का नाहीत? बराच वेळ उकळली की रंग मळकट होतो आणि आंबटपणा घशाला लागतो. गरम पाण्यात नुसती मुरू दिली की लाल रंग स्वच्छ उतरतो. अगदी काळा गूळ घातलात तरी रंग विटकरी होईल. पाहुण्यांसमोर लालच हवा असेल तर अर्धी साखर, अर्धा पिवळा गूळ घ्या.

वाइनच्या गरम पेयात वाइन जे काम करते, तेच इथे आमसूल करतं: आंबटपणा, किंचित तुरटपणा आणि तो लाल रंग. म्हणून हे पेय ‘दारू न घेणाऱ्यांसाठी काहीतरी’ म्हणून कोपऱ्यात ठेवायचं नाही. मोठं पातेलं याचंच लावा.

आमसूल नाही, आगळ (कोकमाचा खारवलेला रस) आहे. चालेल?

चालेल, पण हात आखडून. आगळ टिकावं म्हणून त्यात भरपूर मीठ घातलेलं असतं. दीड लिटरला तीन-चार चमच्यांपासून सुरुवात करा आणि चाखत वाढवा. मीठ वेगळं घालू नका. कोकम सरबताच्या बाटलीत उलट साखरेचा पाक असतो. तो वापरायचा तर गूळ पूर्ण वगळा आणि आंबटपणासाठी थोडं लिंबू शेवटी पिळा.

घरात मे महिन्यात केलेलं जांभळाचं किंवा करवंदाचं सरबत उरलं असेल तर ते या कामाला फार चांगलं. मसाल्याच्या गरम पाण्यात मिसळायचं, बस्स.

मसाला अख्खा घालू की पूड? आणि किती?

अख्खा. पूड तळाशी गाळ धरते, पेय गढूळ होतं आणि शेवटच्या घोटाला तोंडात रवाळ लागते. शिवाय पूड घातली की परत काढता येत नाही. अख्खा मसाला मलमलच्या फडक्यात पुरचुंडी बांधून सोडला की हवं तेव्हा उचलता येतो. आणि उचलावाच. पातेलं तासभर मंद आचेवर असेल आणि लवंग आतच राहिली तर सगळं पेय दाताच्या दवाखान्यासारखं वास मारायला लागतं. तो वास युजेनॉलचा. लवंगेत तेच असतं आणि दंतवैद्यही तेच वापरतात. लिटरला तीन-चार लवंगा खूप झाल्या.

दालचिनीबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण बाजारात इथेच जास्त फसगत होते. किराणा दुकानात दालचिनी म्हणून जे मिळतं ते बहुतेक वेळा कॅशिया असतं: जाड, कडक, एकाच पदराची साल. मोडायला बत्ता लागतो. खऱ्या दालचिनीचे पापुद्रे पातळ असतात, एकात एक गुंडाळलेले, आणि ती दोन बोटांत चुरते. पेयात फरक लगेच कळतो. कॅशिया तिखट आणि जाड लागते, खरी दालचिनी गोडसर आणि हलकी. कॅशियात कुमारिन नावाचं द्रव्यही बरंच जास्त असतं. सणाच्या एका कपाने काही बिघडत नाही, पण रोज काढा पिणाऱ्यांनी आणि यकृताचा त्रास असलेल्यांनी ते ध्यानात ठेवावं. खरी दालचिनी आपल्याकडे पिकते. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने ‘कोकण तेज’ नावाची जातच काढली आहे. रत्नागिरी-सिंधुदुर्गात नारळी-पोफळीच्या बागांत आता मसाल्याची झाडं बरीच दिसतात. ओळखीच्या बागायतदाराकडून घेतलीत तर ताजी मिळेल. परसात झाड असेल तर दोन ताजी पानं पातेल्यात टाका. पानाचा वास लवंगेकडे झुकणारा असतो, म्हणून मग लवंग कमी करा.

जायफळ शेवटी, आणि किसणीवर दोनच फेरे. उकळलं की त्याचा सुवास उडतो आणि कडवटपणा मागे राहतो. जायफळ जपूनच वापरायचं असतं. अख्ख्या फळाएवढी पूड पोटात गेली तर मळमळ, चक्कर, भ्रम असं काहीही होऊ शकतं. लिटरभर पेयाला चिमूट पुरते. त्याच फळातली जायपत्री जास्त नाजूक असते, तिची अर्धी पाकळी पुरचुंडीत चालते.

मिरी हवीच. आल्याचा तिखटपणा जिभेवर लागतो, मिरीचा घशात उतरल्यावर. दोन्ही असले की पेय कमी गोड असूनही सपक लागत नाही. चक्रीफूल मात्र माझ्या मते या पेयात नको. एकच घातलं तरी बिर्याणीची आठवण येते. ज्यांना आवडतं त्यांनी घालावं, भांडण नाही.

मल्ड वाइन (गरम मसालेदार वाइन) मसाल्याची तयार पाकिटं मिळतात. घेऊ का?

नका घेऊ. वर्षभर दुकानात पडलेली पूड महागात विकत घ्यायची, आणि तीही ज्या किनाऱ्यावर मिरी वेलावर लोंबते तिथे!

दुधाचं काही करता येईल? माझं दूध दर वेळी फाटतं.

फाटण्याची कारणं बहुतेक दोनच. पहिलं आलं. कच्च्या आल्यात प्रथिनं तोडणारं एक द्रव्य असतं, ते कोमट दुधात गेलं की दूध फाटतं. आलं आधी पाण्यात चांगलं उकळून घ्या, त्यातलं ते द्रव्य उष्णतेने निकामी होतं, मग दूध ओता. किंवा सरळ सुंठ वापरा. दुसरं कारण गूळ. उकळत्या दुधात गूळ टाकला की दूध फाटू शकतं. गॅस बंद करून पाच मिनिटं थांबा, मग किसलेला गूळ घाला आणि पुन्हा आचेवर ठेवू नका.

पण पाहुण्यांसाठी मी गाईच्या दुधापेक्षा नारळाचा रस सुचवेन. दोन नारळ खवून पहिला दाट रस वेगळा काढा, मग गरम पाणी घालून दुसरा आणि तिसरा. पातळ रसात वेलची, सुंठ, दालचिनी घालून मंद गरम करा. त्यात गूळ विरघळवा, खाली उतरवा आणि शेवटी दाट रस घालून ढवळा. दाट रस उकळला की तेल सुटतं आणि वर डोळे दिसायला लागतात. शिरवाळ्यांसोबतचा (तांदळाच्या शेवयांसोबतचा) रस ज्याने केलाय त्याला हे सांगायला नको. तोच रस जरा पातळ करून, जरा मसाला वाढवून कपात द्यायचा. दूध न चालणाऱ्यांनाही चालतो. मात्र तो लगेच संपवायचा, ठेवायचा नाही.

सोलं आणि गाईचं दूध एका कपात आणू नका. असाही प्रश्न आला आहे, म्हणून लिहिलं.

वाइनचंच करायचं आहे. पद्धत काय?

जर्मनीत ग्लूवाइन, स्वीडनकडे ग्लॉग. ग्लॉगमध्ये तळाशी बदाम-मनुका घालून चमच्यासह देतात, आणि ही युक्ती उचलण्यासारखी आहे, कारण काजू-मनुका आपल्याकडे सणाला असतातच.

बाटली महागडी नको. नाशिककडची साधी, कोरडी लाल वाइन पुरे. महाग वाइनची चव मसाला खाऊनच टाकतो. आधी एक पेला पाण्यात साठ-सत्तर ग्रॅम साखर आणि मसाला घालून दहा मिनिटं उकळा. त्यात एका संत्र्याची साल आणि रस घाला. नागपुरी संत्री या दिवसांत चांगली असतात. मग ७५० मिलिलिटरची बाटली ओता आणि फक्त वाफ दिसेपर्यंत गरम करा. कडेला बारीक बुडबुडे धरायला लागले की गॅस बंद. अल्कोहोल ७८ अंशांना उकळतं, म्हणजे पाण्याच्या बरंच आधी. पेय उकळलंत तर वास उडतो आणि वाइनमधला तुरटपणा मात्र पुढे येतो.

उकळलं की दारू उडून जाते ना? मग मुलांना घोटभर चालेल?

नाही. हा समज फार पसरलेला आहे आणि तो चुकीचा आहे. अमेरिकेच्या कृषी खात्याने पदार्थांत किती अल्कोहोल उरतं याचा तक्ता काढला आहे. त्यानुसार पदार्थ पंधरा मिनिटं मंद शिजवला तरी मूळच्या ४० टक्क्यांच्या आसपास अल्कोहोल त्यात राहतं, अर्ध्या तासाने ३५ टक्के आणि तासाने २५ टक्के. अडीच तास शिजवलं तरी ५ टक्के उरतंच. नुसतं गरम केलेल्या वाइनमध्ये तर जवळजवळ सगळंच राहतं. मुलांना, गरोदर बायकांना, औषधं चालू असलेल्यांना, दारू न घेणाऱ्यांना आणि सोडलेल्यांना हे पेय द्यायचं नाही. ‘त्यात काही राहिलेलं नाही हो’ असं सांगून तर अजिबात नाही.

म्हणूनच पातेलं बिनदारूचं ठेवा. ज्याला हवी त्याच्या कपात मोजून ३० मिलिलिटर गडद रम घाला. सोलांच्या पेयात रम चांगली मुरते. एक पातेलं, दोन प्रकारची माणसं, गोंधळ नाही. दारू आणि बिनदारू अशी दोन सारखी दिसणारी पातेली शेजारी ठेवलीत तर मध्यरात्री कुणीतरी वाढायचे डाव अदलाबदल करणारच.

महाराष्ट्रात वाइन-बिअरसाठी वयाची अट २१ आहे, बाकी मद्यासाठी २५. कॉलेजातल्या भाच्यापुतण्यांना ओतण्याआधी हे आठवा. आणि गाडी घेऊन आलेल्यांना रमविना कप. रक्तात १०० मिलिलिटरला ३० मिलिग्रॅम ही कायद्याची मर्यादा आहे, आणि सणाच्या रात्री महामार्गावर नाकाबंदी असते.

खिमाड म्हणजे काय? तो नाताळला देतात का?

वसई ते मुंबई आणि खाली चौलपर्यंतच्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती समाजाचं ते जुनं गरम पेय. (हे नाव त्यांनी १८८७ मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी घेतलं. माणसं मात्र इथलीच, मराठी बोलणारी.) गावठी दारू, पाणी, साखर आणि दालचिनी-लवंगेसारखा मसाला एकत्र गरम करून छोट्या पेल्यांतून ते देतात. लग्नघरात, बारशाला, नाताळला, वाडीतली माणसं जमली की खिमाड आलाच. प्रमाण घराघरात वेगळं. कुणी साखर जाळून कॅरॅमल करून घालतं, कुणी गवती चहा घालतं.

म्हणजे नाताळात गरम मसालेदार पेय ही काही परदेशी सिनेमातून उचललेली हौस नाही, उत्तर कोकणात ते आधीपासून होतं. ईस्ट इंडियन शेजारी असतील तर त्यांच्या घरच्या बाईमाणसांना विचारा, इथे वाचून करण्यापेक्षा ते बरं.

एक मात्र कडक सांगणं. मूळ कृतीत गावठी आहे म्हणून कुठल्याही हातभट्टीची आणू नका. तिच्यात मिथेनॉल असू शकतं आणि गरम केल्याने ते विष निघून जात नाही. डोळे जातात, जीव जातो. दुकानातली सीलबंद रम वापरा.

बिनदारूचा खिमाडही छान होतो. सहा चमचे साखर कोरड्या कढईत तांबूस होईपर्यंत जाळा. त्यात जपून, लांबूनच, लिटरभर गरम पाणी ओता. फसफसून वर येतं, तेव्हा हात मागे घ्या. मग गवती चहाची पाती गाठ मारून, दालचिनी, लवंग, वेलची घाला आणि दहा मिनिटं उकळा. शेवटी लिंबू. जळक्या साखरेचा तो किंचित कडवटपणा हेच त्यातलं खरं मर्म, त्यामुळे साखर फिकट असतानाच घाबरून पाणी ओतू नका.

गोव्याहून फेणी आणली तर?

परवान्याशिवाय गोव्याची दारू महाराष्ट्रात आणणं गुन्हा आहे, मग ती फेणी असो की रम, आणि बाटली एक असो की खोका. बांद्याच्या अलीकडे इन्सुलीला तपासणी नाका आहे आणि सणात तिथे गाड्या कसून बघतात. काजूच्या फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा अभिमान गोव्यातच बसून बाळगा. तसंही गरम पेयात फेणीचा उग्र वास वाफेबरोबर थेट नाकात जातो, सगळ्यांना सोसत नाही.

मिस्सेच्या आधी द्यावं की नंतर?

नंतर. कम्युनियन (मिस्सेत मिळणारा पवित्र प्रसाद) घेणाऱ्यांना त्याआधी एक तास पाणी आणि औषध सोडून काही घेता येत नाही. पूर्वी तर मध्यरात्रीपासून पाणीही नसे, १९५७ मध्ये तो उपास तीन तासांवर आला आणि १९६४ मध्ये एका तासावर. रात्री साडेअकराला तुम्ही आग्रह करून कप हातात दिलात तर पाहुणा पेचात पडतो: नाही म्हणावं तर घरमालकीण नाराज, घ्यावा तर पंचाईत. मसाला आधी उकळून गाळून ठेवा, चर्चमधून आल्यावर सोलं मुरवलेलं पाणी मिसळून गरम करा. पाच मिनिटांत तयार.

नाताळच्या दिवशी सकाळी ताटं घेऊन येणाऱ्या-जाणाऱ्यांना दहा ते बारा ही वेळ बरी. दुपारी दोनला उन्हात गरम पेय देऊ नका, तेव्हा तेच सोलांचं पेय बर्फ घालून द्या. चव बिघडत नाही, उलट मसाला खुलतो.

शेजारी हिंदू आहेत, काहींचा उपवास असतो, काही मुसलमान आहेत. सगळ्यांना एकच पेय कसं?

याच कारणाने बिनदारूचं पातेलं मुख्य ठेवायला सांगितलं. मार्गशीर्षातले गुरुवार डिसेंबरात येतात आणि शेजारच्या वहिनींचं व्रत असू शकतं. आमसूल, गूळ, आलं, मिरी, नारळाचा रस हे बहुतेक घरांत उपवासाला चालतं. लवंग-दालचिनीबद्दल घरोघर नियम वेगळे असतात, तेव्हा विचारून घ्या. मीठही कुणाला सैंधवच लागतं.

दारूचा डाव, पेले, गाळणी आणि भांडी वेगळी ठेवा आणि न विचारताच ते सांगून टाका: “वहिनी, हे पातेलं वेगळं हां, यात काही नाही.” विचारायला संकोच वाटतो म्हणून बरेच जण नुसताच कप हातात धरून बसतात, पीत नाहीत. तेवढं एक वाक्य बोललात की पहिला घोट जातो.

तीस-चाळीस माणसं येणार. किती करू, कशात ठेवू?

माणशी १२० मिलिलिटर धरा. चाळिसांना पाच लिटर. दुसरा कप मागणारे असतात, तसे न घेणारेही असतात, हिशेब जुळतो. मसाला मात्र पटीत वाढवू नका. दीड लिटरला पाच लवंगा म्हणून पाच लिटरला सतरा असं नाही, दहा-अकरा पुरतात. मोठं पातेलं आचेवर जास्त वेळ राहतं आणि अर्क जास्त उतरतो. आमसूल आणि गूळ मात्र पटीतच.

भांडं स्टीलचं. आमसूल आंबट आहे, ॲल्युमिनियमच्या टोपात त्याची चव धातूसारखी होते. आजीचं पितळी पातेलं शोभेला सुंदर दिसतं, पण कल्हई उडालेली असेल तर आंबट पेयात तांबं उतरतं आणि पोट बिघडतं. कल्हई करून घ्या किंवा फुलं ठेवायला वापरा.

गरम ठेवायला चहाचा नळवाला स्टीलचा ड्रम भाड्याने मिळतो, तो उत्तम. नाही तर खळ्यात शेगडीवर राखेखालचे निखारे. वाढताना पेय साठ-पासष्ट अंशांचं असावं. चहासारखं कढत देऊ नका, मसाल्याची चव भाजलेल्या जिभेला कळत नाही. दुधाचं किंवा नारळाच्या रसाचं पेय कोमट अवस्थेत दोन तासांवर ठेवू नका, आपल्या हवेत ते लवकर आंबतं. थर्मासमध्ये ठेवलं तर तो आधी उकळत्या पाण्याने भरून, ओतून, मग भरा.

कशात द्यायचं?

लहान स्टीलचे पेले तळहाताला चटका देतात, म्हणून कान असलेले कप किंवा मातीची कुल्हडं. काचेच्या ग्लासांचाच आग्रह असेल तर ग्लासात आधी धातूचा चमचा ठेवा आणि त्यावरून ओता, तडकण्याची भीती कमी होते. पातळ प्लास्टिकच्या ग्लासात गरम आंबट पेय नकोच.

घरात मधुमेह, रक्तदाब, लहान बाळ आहे. काही जपायला हवं?

गूळ ही साखरच आहे. “गुळाचं आहे, चालतं” असं म्हणून मधुमेहाच्या माणसाला भरला कप देऊ नका. त्यांच्यासाठी गूळ घालण्याआधीच एक तांब्या बाजूला काढा. आंबट-खारट-तिखट मिळून तो कप अजिबात बिचारा लागत नाही, काहींना तोच जास्त आवडतो.

काढ्याच्या सवयीने ज्येष्ठमध घालणारे असतात. त्याने रक्तदाब वाढू शकतो, पाहुण्यांच्या पातेल्यात तो नकोच. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध कुठल्याही पेयातून देऊ नका. मोठ्यांसाठी मध वापरायचा तर पेय कोमट झाल्यावर, कपातच. ॲसिडिटीवाल्यांना सोलं सोसतात की नाही हे त्यांनाच ठाऊक असतं, त्यांच्यासाठी खिमाडाचं बिनदारूचं रूप लिंबू न घालता द्या.

सोबत काय ठेवू?

नाताळच्या ताटात नेवऱ्या, कलकल, दोदोल, केक असं सगळं गोडच असतं. म्हणून तर पेय आंबट हवं म्हणतोय. सोबत खारे काजू, चकली किंवा तळलेली सुकी मच्छी ठेवा. सुक्या बोंबलाचा तुकडा आणि सोलांचा घोट ही जोडी पाहुण्यांना अपेक्षित नसते, पण ताट सगळ्यात आधी तेच रिकामं होतं.

नुसता मसाल्याचा चहा दिला तर?

द्या की. पण चहा ते तुमच्याकडे रोजच पितात.

उरलं तर टिकतं का?

सोलांचं पेय गाळून, थंड करून, मसाला काढून टाकून फ्रीजमध्ये ठेवलं तर तीन-चार दिवस राहतं. मसाला आत राहू दिला तर दुसऱ्या दिवशी कडू. वाइनचं उरलेलं एकदाच पुन्हा गरम करा, नाही तर त्यात गूळ घालून आटवा आणि त्या पाकात फळं मुरवा. नारळाच्या रसाचं उरवूच नका, लगेच संपवा. आणि सोलांचं पेय थोडंच उरलं असेल तर दुसऱ्या दिवशी त्यात हिरवी मिरची आणि कोथिंबीर ठेचून घाला, भातावर घ्या. गोडसर सोलकढी म्हणून कुणी नाक मुरडलंच, तर त्याला पापलेटची एक तुकडी वाढा.